प्रथम वर्षानंतर विद्यार्थी कोठे जातात? लहान महाविद्यालयाने गळती कशी मोजावी आणि कशी रोखावी?

प्रश्न : तालुक्याचा_प्राध्यापक

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी लहान अनुदानित महाविद्यालयात शिकवतो आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे काम पाहतो. आमच्या तृतीय वर्षाचा निकाल चांगला लागतो आणि नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या अहवालातही तो चांगला दिसतो, कारण तेथे अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले एवढेच विचारले जाते. जे प्रथम वर्षाला आले आणि द्वितीय वर्षाला दिसलेच नाहीत, ते या टक्केवारीत कोठेच येत नाहीत. बीए आणि बीकॉमचे वर्ग सुरुवातीला भरलेले असतात, दिवाळीनंतर बाके रिकामी होऊ लागतात आणि ही मुले कोठे गेली याची नोंद कोणाकडेही नसते, याचा मला मनापासून त्रास होतो. आमच्यासारख्या महाविद्यालयाला झेपेल अशी गळती मोजण्याची पद्धत कोणती? आणि मोजल्यानंतर हाताशी असलेल्या मोजक्या माणसांनी आधी कशाला हात घालावा?

उत्तर 1 : सोलापूरकर_परदेशी

मी मूळचा सोलापूरचा असून अमेरिकेतील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या आकडेवारीचेच काम करतो. येथे 1990 च्या कायद्यामुळे पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करणे महाविद्यालयांवर बंधनकारक झाले आणि ते प्रमाण प्रवेशाच्या तुकडीवरून काढले जाते. एका वर्षी प्रथमच पूर्णवेळ प्रवेश घेतलेले विद्यार्थी ही एक तुकडी. त्यांतील किती जण पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयात परत आले हे टिकून राहण्याचे प्रमाण. आणि नियोजित मुदतीच्या दीडपट काळात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांत, किती जण पदवीधर झाले हे पदवीपूर्तीचे प्रमाण. छेद शेवटपर्यंत प्रवेशाच्या वेळचाच राहतो, मधे गळालेला विद्यार्थी हिशेबातून नाहीसा होत नाही. आपल्याकडे एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीमध्येही विहित मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांना महत्त्व आहे, पण तेथे तुलना मंजूर प्रवेशक्षमतेशी होते. त्यामुळे जागाच भरल्या नाहीत की भरलेली मुले गेली, हे कळत नाही.

आपल्याला संगणक विभागाची गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, पदवीपर्यंत बदलत नाही, म्हणून एका तुकडीचे सर्व पीआरएन एका तक्त्यात उतरवावेत आणि प्रत्येक सत्राच्या परीक्षा अर्जांच्या यादीशी ते ताडून पाहावेत. तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी असे दोन आकडे काढावेत, कारण एटीकेटीमुळे, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीमुळे, उशिरा पदवी घेणारा विद्यार्थी हा गळालेला विद्यार्थी नव्हे. जो दुसऱ्या महाविद्यालयात गेला त्याचा रकाना वेगळा ठेवावा.

उत्तर 2 : निवृत्त_अधीक्षक

वरील पद्धत योग्य आहे, फक्त मोजणी केव्हापासून सुरू करावी हे महत्त्वाचे आहे. बारावीनंतर अनेक विद्यार्थी बीए किंवा बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवतात आणि फार्मसी, नर्सिंग किंवा अभियांत्रिकीच्या फेरीत नंबर लागला की प्रवेश रद्द करून टीसी नेतात. त्यांना गळती म्हणणे बरोबर नाही. प्रवेशफेऱ्या संपल्यानंतरची पटसंख्या हीच तुकडी मानावी.

माझी बहुतेक नोकरी महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली. विद्यार्थी कागदोपत्री ज्या ठिकाणी हरवतो, ते ठिकाण म्हणजे परीक्षा अर्जाची खिडकी. वर्गात गैरहजर असलेली मुले अर्ज भरायला मात्र येतात, आणि थकलेली फी आधी भरा असे सांगितले की परत येत नाहीत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीची रक्कम अनेकदा वर्ष संपत आल्यावर किंवा त्यानंतर जमा होते, तर परीक्षा शुल्क हिवाळ्यातच भरावे लागते. माझे स्पष्ट मत असे की शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याचा अर्ज थकबाकीसाठी कधीही अडवू नये, आणि उरलेल्यांसाठी प्राध्यापक व माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एक छोटा निधी ठेवावा. अर्जाची मुदत संपण्यापूर्वी आठवडाभर, ज्यांचा अर्ज आला नाही त्यांची यादी काढून लिपिकाने प्रत्येक घरी फोन करावा. या एका कामाने जितकी मुले परत येतात, तितकी दुसऱ्या कशाने येताना मी पाहिली नाहीत.

उत्तर 3 : इंग्रजीची_शिक्षिका

अधीक्षकसाहेबांच्या म्हणण्याला माझी जोड अशी की खिडकीपर्यंत न येणाऱ्या मुलांची कारणे आधीच घडून गेलेली असतात. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि घरातील मोठ्या मुलाला कोयता घ्यावा लागतो किंवा मागे राहून लहान भावंडे सांभाळावी लागतात. मुलींच्या बाबतीत एसटीचा प्रश्न मोठा आहे. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून त्यांचा पास मोफत असतो आणि महाविद्यालयात आल्यावर, सवलत मिळूनही, तो विकत घ्यावा लागतो. संध्याकाळची गाडी बंद झाली तर पालक मुलीचे शिक्षण थांबवतात, आणि त्यानंतर लग्न ठरायला वेळ लागत नाही.

परदेशी मित्रांना न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाचा 2007 मध्ये सुरू झालेला असॅप हा उपक्रम ठाऊक असेलच. तेथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना प्रवासाचा पास, पुस्तके, उरलेल्या फीची सोय आणि वारंवार भेटणारा सल्लागार मिळाला, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांच्या तुलनेत तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले. पासाचा खर्च उचलणे ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात महाविद्यालय काढले, तेव्हा कमवा आणि शिका, म्हणजे काम करून शिक्षणाचा खर्च भागवणे, हाच त्याचा पाया होता. आज ती योजना अनेक ठिकाणी ग्रंथालयातील काही तासांपुरती उरली आहे. ती पासाच्या खर्चाशी जोडावी आणि प्रथम वर्षाच्या मुलींना आधी द्यावी.

मार्गदर्शक शिक्षकांची योजना नॅकच्या फाइलीत सर्वत्र असते. ती खरी चालवायची असेल तर तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर ती लादू नये, कारण ते पुढच्या वर्षी असतीलच याची खात्री नसते.

तालुक्याचा_प्राध्यापक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. आमच्याकडे नवे शैक्षणिक धोरण 2024-25 पासून लागू झाले असून त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. मग अशा विद्यार्थ्याला गळती म्हणायचे का?

उत्तर 4 : सोलापूरकर_परदेशी

प्रमाणपत्र हाती असेल तर म्हणू नये, त्याचा रकाना वेगळा करावा. मात्र त्यासाठी पहिल्या वर्षाचे किमान 40 श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण असावे लागतात आणि वर 4 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता करावी लागते. दोन विषय राहिले म्हणून शिक्षण सोडणाऱ्या मुलाला यातले काहीच मिळत नाही, आणि आपल्याकडे जाणारे बहुतेक विद्यार्थी असेच असतात. अशा प्रत्येकाचे एबीसी, म्हणजे श्रेयांक साठवून ठेवण्याचे ऑनलाइन, खाते उघडलेले आहे का आणि मिळवलेले श्रेयांक त्यात जमा झाले आहेत का, हे तो जाण्यापूर्वी तपासून घ्यावे. रीतसर बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते, हेही त्याच्या घरी कोणीतरी समजावून सांगायला हवे. तक्त्यात त्याच्या पीआरएनसमोर ती मुदत लिहून ठेवा आणि दर जूनमध्ये त्याला फोन करा.