मदत हवी आहे: वय ४४, पुंजी बेताची. ५४ला नोकरी सोडता येईल का?

प्रश्न (उशिरालतीफ)

ठाणे, खाजगी नोकरी. घरखर्च महिना ६०,००० (हप्ता वेगळा). गृहकर्ज १८ लाख बाकी, ८.४ टक्के, ९ वर्षं, हप्ता २३,८००. पीएफ २२ लाख, एफडी ८ लाख, म्युच्युअल फंड शून्य. पीएफची वर्गणी धरून महिना ६०,००० बाजूला पडू शकतात. मुलगी सहावीत. आरोग्य विमा फक्त कंपनीचा. एफडी मोडून कर्ज फेडू का? २५ पटीचा नियम (वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले की नोकरी सोडायची) आपल्याकडे चालतो का? एजंटांनी कृपया व्यनि (खाजगी निरोप) करू नये.

प्रतिसाद (त्रैराशिक)

२५ पट हा आकडा विल्यम बेंगेन या अमेरिकी वित्त-सल्लागाराचा लेख (१९९४) आणि ट्रिनिटी विद्यापीठातला अभ्यास (१९९८) यांच्यावरून रूढ झाला. अमेरिकेतले शेअर-रोखे, तिथली महागाई आणि ३० वर्षांची निवृत्ती. तुम्हाला ३५-४० वर्षं काढायची आहेत, तेव्हा ३० पट तरी धरा.

आता हिशोब. आजचा वर्षाचा खर्च ७.२ लाख. ६ टक्के महागाईने ५४व्या वर्षी १२.९ लाख, त्याची ३० पट ३.८७ कोटी. बाजूला पडणारे ६०,००० दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवलेत, पीएफ आणि इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणारे फंड) मिळून १० टक्के परतावा धरला (हा उदारच आहे) आणि आजचा पीएफ ८ टक्क्यांनी वाढला, तरी जमतात साधारण २.१ कोटी. म्हणजे ५४ विसरा.

५७ला लक्ष्य ४.६ कोटी, जमा ३.३५ कोटी. पण घरखर्च ६०चा ५० हजार करून ते १० हजार एसआयपीत वळवले, तर लक्ष्य ३.८४ कोटीवर उतरतं आणि जमा ३.८१ वर जाते. खर्चातली कपात दोन्हीकडून काम करते. उशिरा सुरुवात करणाऱ्याने जास्त परताव्याच्या मागे लागून स्मॉलकॅपमध्ये (छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये) सगळं ओतण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी खात्रीचा.

प्रतिसाद (चिकटपट्टी)

एफडी पूर्ण मोडू नका. सहा महिन्यांचा खर्च अधिक हप्ते म्हणजे ५ लाख, तेवढे ठेवाच. उरलेले ३ लाख कर्जात भरा. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, त्यामुळे ८.४ टक्के पूर्ण अंगावर पडतात. ७ टक्क्यांची एफडी ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये करानंतर ४.९ टक्केच देते. व्याजदर फ्लोटिंग (बदलता) असेल तर मुदतपूर्व फेडीला दंड नाही. बँकेला लेखी सांगा: हप्ता तोच, मुदत कमी. १०८ हप्त्यांचे ८४ होतील. सात वर्षांनी कर्ज संपेल तेव्हा मुलगी नुकतीच कॉलेजात असेल. तेच २३,८०० फीकडे वळवा. निवृत्तीच्या पैशाला फीसाठी हात लागला की वरचं सगळं गणित कोसळतं.

विमा मात्र याच महिन्यात. नोकरी सुटली की कंपनीची पॉलिसीही सुटते, आणि ५७व्या वर्षी बीपी-शुगर घेऊन नवीन घ्यायला गेलात तर प्रीमियमवर लोडिंग (जादा आकार) किंवा थेट नकार. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३ वर्षं असतो, तो पगार चालू असतानाच संपू दे. १० लाखांची बेस पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप. टॉप-अपचं डिडक्टिबल (बिलाची जी रक्कम ओलांडल्यावर टॉप-अप लागू होतो ती) बेसच्या रकमेइतकंच घ्या, मध्ये फट नको. प्रस्ताव अर्जात काही लपवू नका, क्लेम तिथेच अडकतात.

उशिरालतीफ

दोघांचेही आभार. ५७ मान्य. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) सुरू करू का? आणि ५७ला पैसे काढायचे कसे?

त्रैराशिक

एनपीएस तुमच्या तारखेला बसत नाही. ६०च्या आधी आणि १५ वर्षं व्हायच्या आत बाहेर पडलात तर ८० टक्के रकमेची अॅन्युइटी (एकरकमी भरून मिळणारं नियमित पेन्शन) घ्यावी लागते.

५५नंतर निवृत्त झालात तर पीएफ पूर्ण काढता येतो. निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, ६०ची वाट पाहावी लागत नाही. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० मिळतात, करपात्र. ईपीएस (पीएफसोबतची पेन्शन योजना) पेन्शनसाठी मात्र ५८ पूर्ण होऊ द्या. आधी घेतल्यास दर वर्षामागे ४ टक्के कापतात.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते पहिल्या तीन वर्षांत: बाजार पडलेला असताना घरखर्चासाठी युनिट विकावी लागतात. म्हणून ५२पासूनच दरवर्षी थोडं इक्विटीतून काढत राहा, तीन वर्षांचा खर्च कर्जरोख्यांच्या फंडात आणि एफडीत साठेपर्यंत. इक्विटीवर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त, वर १२.५ टक्के. तुकड्यांनी काढलं तर दर वर्षाची ती सूट वापरता येते. पत्नीच्या नावावर स्वतःचं उत्पन्न असेल तर तिच्या खात्यातली सूट वेगळी.