साठ टक्के म्हणजे लांब नव्हे

दादा, "६० टक्के समृद्ध युरेनियम म्हणजे बॉम्बच्या ९० टक्क्यांपासून इराण अजून लांब" हे तुमचं म्हणणं पटत नाही. आमच्या कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहून बघा. सगळा वेळ आणि जळण रसातलं पाणी आटवण्यात जातं. काकवी झाली की गूळ व्हायला कितीसा वेळ? युरेनियमचंही तसंच. खाणीतल्या युरेनियमात कामाचा अंश (युरेनियम-२३५) जेमतेम ०.७ टक्के; तो वाढवत नेणं म्हणजे समृद्ध करणं, त्यामुळे निम्म्याहून जास्त कष्ट पहिल्या चार-पाच टक्क्यांपर्यंतच संपतात. म्हणून तर इराणनं अमेरिका आणि इतर बड्या देशांशी केलेल्या २०१५ च्या अणुकरारात समृद्धीला ३.६७ टक्के आणि साठ्याला ३०० किलोची मर्यादा होती, वर तपासनीसांची नजर. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यातून अंग काढून घेतलं, ती मोठी चूक. निर्बंध लादूनही २०२१ मध्ये इराणनं ६० टक्के गाठलेच.