यंदा कास नाही. चुटपुट कशी घालवायची?

प्रश्न: पुण्यात आहे. सप्टेंबर लागला की सगळ्यांच्या स्टेटसवर कास पठारावरची फुलं. गर्दीत जायचं नाही हे पक्कं, तरी मन खातं. काय करावं?

उत्तर १: आधी फोन. व्हॉट्सॲपवर कासचे फोटो टाकणाऱ्याच्या स्टेटसवर बोट दाबून धरा, ‘म्यूट’ करा. त्याला कळत नाही. ऑक्टोबरात परत उघडा.

उत्तर २: सोनकी, तेरडा सिंहगडाच्या उतारावरही फुलतात. मधल्या वारी सकाळी जा, दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या. बहुतेकजण भिंग फुलाजवळ धरतात, मग सगळं धूसर. भिंग डोळ्याला टेकवा आणि वाकून फुलापासून अडीच सेंटिमीटरवर या. फूल तोडायचं नाही. सोनकीचं एक ‘फूल’ म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ असतो, तो तेव्हा दिसतो. शनिवारच्या रेटारेटीत कोण वाकणार?

उत्तर ३: उत्तर २ बरोबर, पण ‘सीतेची आसवं’ या इवल्या रानफुलांचा निळा गालिचा कासचाच, त्याला पर्याय नाही. तो दरवर्षी असतो मात्र. टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांनी फुलतं, २०२३ला फुलून गेलं. म्हणजे हुकलंच तर २०३०चं हुकेल, यंदाचं नव्हे.

प्रश्नकर्ता: भिंग शोधतो. म्यूट आत्ताच केलं, मेव्हण्यापासून सुरुवात.