व्हील नसेल तर खेळू नका म्हणे!

अंगठेबहाद्दर
काल गाडी चालवायच्या गेमबद्दल एक पोस्ट वाचली, जशीच्या तशी देतो. "ज्यांच्याकडे व्हील नाही त्यांनी सिम्युलेटरला हात लावू नये. पॅडवर स्टेअरिंगचा फील म्हणजे फोटोतल्या पोह्यांवर शेव टाकणं." तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लांब लिहितोय, कंटाळा येईल त्यांनी खाली सरकावं.

मी सहा वर्षं पॅडवर (दोन हातांत धरून अंगठ्याने दांडी हलवायची तो कंट्रोलर) असेटो कोर्सा हा कार रेसिंगचा गेम खेळतोय. व्हीलला, म्हणजे टेबलाला लावायच्या स्टेअरिंगला, पैसे नाहीत हे एक, आणि इंदूरच्या राजेंद्रनगरच्या दोन खोल्यांत ते ठेवायचं कुठे हे दुसरं. पण पॅड खोटं वाटतं ते नेमकं कशामुळे, याचा कोणी विचारच करत नाही. सगळे म्हणतात अंश कमी पडतात. खऱ्या गाडीचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच-तीन वेढे फिरतं, म्हणजे ९०० ते १०८० अंश, आणि अंगठ्याच्या वाट्याला येतो जेमतेम सेंटिमीटरभर रस्ता. कबूल. पण खरा घोळ वेळेचा आहे भिया! अंगठा डोळा लवायच्या आत टोकाला जातो, हाताला तेवढं फिरवायला सेकंद-दीड सेकंद तरी लागतो. गेमने अंगठ्याचं जसंच्या तसं ऐकलं की पुढचा टायर झटक्यात तिरपा, आणि साधारण ६ ते १० अंश स्लिप अँगलच्या (टायरचं तोंड आणि त्याची खरी वाट यांतला कोन) पुढे टायरची पकड वाढत नाही, कमी होते. मग गाडी वळायचं सोडून नाक घासत सरळ जाते आणि आपण पॅडला शिव्या देतो.

म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये स्टेअरिंग स्पीड (चाक वळायचा वेग) खाली आणा, स्पीड सेन्सिटिव्हिटी (गाडी पळेल तसं चाक कमी वळवणं) वर न्या, गॅमा वाढवा म्हणजे मधे मऊ आणि टोकाला तिखट होतं, डेडझोन (मधला तो भाग, जिथे अंगठा हलला तरी गेम ऐकत नाही) जवळपास शून्य. आणि कान उघडे ठेवा. टायर किंचाळायच्या आधी एक घासल्यासारखा आवाज येतो, अंगठा तिथेच थांबवायचा. हे जमायला मला दोन महिने लागले. फोटोतले पोहे म्हणे.

नऊशे_अंश
ती पोस्ट माझीच, आणि मी तिच्यावर ठाम आहे.

तुझ्या सगळ्या सेटिंगचा अर्थ एवढाच की गाडी तू चालवत नाहीस. तू अर्ज करतोस आणि गेम मंजूर करतो. १२० च्या स्पीडला तू अंगठा पूर्ण दाबलास तरी गेम म्हणतो "याला एवढंच हवं असेल" आणि चाक चारच अंश वळवतो. आणि तू ज्याला फील म्हणतोस तो आवाज आहे. खरी गाडी वळणात हाताला ओढते, कास्टरमुळे (चाक वळायच्या अक्षाचा मागे कललेला कोन) आणि टायर रस्त्याला टेकतो त्या पट्ट्यामुळे चाक सरळ व्हायला बघतं, आणि गंमत म्हणजे पकड संपायच्या जरा आधीच ती ओढ हलकी पडते. हाताला तिथे निरोप मिळतो. पॅडची मोटर घुर्रघुर्र करते, पण अंगठ्याला डावीउजवीकडे ढकलत नाही. मी जी२९ (लॉजिटेकचं व्हील) घेतलं तेव्हा पहिल्या आठवड्यात तुझ्यापेक्षा हळू होतो, मान्य, पण चालवत मी होतो.

उंदीरमामा
तुम्ही दोघं भांडा. मी युरो ट्रक सिम्युलेटर २ माउसवर खेळतो, २०१२ चा गेम, अजून चालू आहे. माउस सोडला की आपोआप मधे येत नाही, जिथे ठेवला तिथेच. ट्रकच्या लांब वळणात अंगठा दुखतो, माउस नाही दुखत. बारीक दुरुस्ती म्हणाल तर पॅडच्या बापालाही जमणार नाही.

अंगठेबहाद्दर
@उंदीरमामा आणि आपोआप मधे येत नाही हाच तर दोष नां? खरी गाडी चालू असताना हात सोडला की चाक सरळ होतं. तुझा ट्रक वळलेलाच राहतो. हे स्टेअरिंग नाही, रेडिओचं बटण आहे.

जुनी_पद्मिनी
मुलांनो, मधेच बोलतो, वय ६८, गेममधलं मला शून्य कळतं, नातवाने हे वाचायला दिलं. पण फील फील करताय तो आजच्या खऱ्या गाडीत तरी उरलाय का? मुलाची नवी गाडी मी एका बोटाने फिरवतो. आमच्या प्रीमियर पद्मिनीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं, उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हणजे खांद्यातून जीव जायचा, पण चालू लागली की रस्त्यावरचा खडा न् खडा हातात कळायचा. तुम्ही जे व्हील विकत घेता ते कशाची नक्कल करतं? जे गाड्यांतूनच गेलंय त्याची.

पिथमपूरकर
काका लाख बोललात. मी गाड्यांच्याच कामात आहे (कंपनी विचारू नका). आता बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, हाताचा जोर सेन्सर मोजतो आणि मोटर मदत करते, पार्किंगला जास्त, हायवेला कमी. म्हणजे स्पीड बघून स्टेअरिंग बदलणं ही गेमवाल्यांची चोरी नाही, तुमच्या दारातली गाडी तेच करते. @नऊशे_अंश मग तीही अर्जच मंजूर करते की.

नऊशे_अंश
नाही करत!! मदत जोराला मिळते, अंशाला नाही. चाक ९० अंश फिरवलं की टायर दर वेळी सारखाच वळतो, स्पीड २० असो की १२०. पॅडवर गेम अंशच कापतो. या दोन गोष्टी एक करू नका, गाड्यांच्या कामात आहात ना?

पिथमपूरकर
आहे म्हणूनच सांगतो. बीएमडब्ल्यूने २००३ मध्ये ५ सिरीजला ॲक्टिव्ह स्टेअरिंग दिलं, त्यात स्पीडप्रमाणे रेशोच बदलतो. हळू असताना थोडं फिरवलं की खूप वळतं, वेगात उलट. आता बोला.

नऊशे_अंश
एक बीएमडब्ल्यू सापडली म्हणून सगळ्या जगाचं स्टेअरिंग तसं झालं का. इंदुरात किती जणांकडे आहे ती?

सराफा_रात्री_अकरा
इंदुरात कोणतंही स्टेअरिंग असो, उपयोग काय? एबी रोडवर आधी बीआरटीएस (बसची वेगळी लेन) बांधली तेव्हा कित्येक वर्षं अडकलो, मग तोडायला काढली तेव्हाही अडकलो. पलासियाला सिग्नलवर फील फक्त क्लचचा येतो, डाव्या गुडघ्यात.

उंदीरमामा
@सराफा_रात्री_अकरा तुझ्या प्रत्येक प्रतिक्रियेत बीआरटीएस कसं येतं? मागे साबुदाणा खिचडीच्या धाग्यातही आणलं होतंस.

जुनी_पद्मिनी
मदत-बिदत मला कळत नाही, झालेलं सांगतो. ८७ साली ओंकारेश्वरहून परत येत होतो, भेरूघाटात, मागे बायको, आई आणि दोन मुलं, पाऊस नुकता थांबलेला. एका वळणात स्टेअरिंग जरासं डावीकडे जड लागलं. आवाज नाही, काही नाही. पुढच्या वळणाला अजून जड. मी दुसऱ्यावर घेतली, हळूहळू कडेला लावली, बघतो तर पुढचं डावं चाक बसत चाललेलं. घाटाच्या खाली गेलो असतो तर कळलं असतं का? मागच्या वर्षी मुलाच्या गाडीचं तेच झालं बायपासवर, त्याला कधी कळलं? डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तेव्हा. टायर पार रिमवर. त्याच्या हातांना काही कळलंच नाही.

नऊशे_अंश
काका, हे तर माझंच म्हणणं झालं! हाताला कळायला हवं, म्हणूनच व्हील.

जुनी_पद्मिनी
तुझं नाही. तुझ्या टेबलावरच्या चाकाखाली रस्ता नाही बाळा, मोटर आहे.

नऊशे_अंश
आणि मोटरला ते बळ गेमचं टायर मॉडेल देतं! रॅकवर (चाकं वळवणारा दांडा) किती जोर येतोय याचा हिशोब होतो तिथे. नीट माहिती नसताना पेन्शनर लोकांनी...

पिथमपूरकर
भाषा सांभाळ. ते तुझ्या वडिलांच्या वयाचे आहेत.

नऊशे_अंश
बरं. शब्द मागे. काका सॉरी. पण तंत्राबद्दलचं मागे घेत नाही.

पिथमपूरकर
आणि स्टेअरिंगचंच एवढं घेऊन बसलात तर आपल्या इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स हा गाड्यांच्या चाचणीचा ट्रॅक आहे, २०२१ ला सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा ओव्हल. त्याच्या वळणांना इतका तिरपा उतार आहे की ठराविक वेगाला गाडी स्वतःच वळते, स्टेअरिंगला जवळजवळ हात लावावा लागत नाही. तिथे तुमचे नऊशेही नकोत आणि अंगठाही नको.

कीबोर्डी_पोरगा
दादा लोक, मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये छोटा कार गेम बनवतोय, तोही कीबोर्डवर, म्हणजे तुमच्या पॅडहून वाईट, बटण एकतर दाबलेलं नाहीतर सोडलेलं. मला जे शिकायला मिळालं ते सांगतो. आधी मी बटण सोडलं की चाक ठराविक वेगाने मधे आणत होतो, भयंकर खोटं वाटायचं. मग परत येण्याचा वेग गाडीच्या वेगाला बांधला. गाडी उभी असेल तर चाक आहे तिथेच, जशी गाडी पळेल तसं पटकन सरळ. एवढ्यानेच अर्धं काम झालं. दुसरं म्हणजे "मधे" म्हणजे बोनेटची दिशा धरायचीच नाही, गाडी प्रत्यक्षात जिकडे चाललीय ती दिशा धरायची. मागचं घसरलं की बटण सोडल्यावर चाक आपोआप उलटं वळतं. खऱ्या गाडीत कास्टरमुळे तेच होतं, ड्रिफ्टवाले (मुद्दाम गाडी घसरवणारे) चाक हातातून सुटू देतात ते म्हणूनच. मित्र म्हणाला ही मदत आहे, चीटिंग आहे. मी म्हटलं जी गोष्ट खऱ्या गाडीचं चाक फुकट करतं ती गेममध्ये केली नाही तर चीटिंग नव्हे, अन्याय आहे.

अंगठेबहाद्दर
पोरा तू माझं अख्खं पान चार ओळींत लिहिलंस. स्पीड सेन्सिटिव्हिटीबद्दल मात्र नऊशेचं थोडं खरं आहे. चिखलात किंवा ड्रिफ्टमध्ये मला जास्त लॉक (चाक जास्त वळणं) हवा असतो आणि गेम देत नाही, तेव्हा खरंच अर्ज नामंजूर झाल्यासारखं वाटतं. अर्धी टिंब एवढंच मान्य करतोय, उडू नकोस.

नऊशे_अंश
अर्धी टिंब फ्रेम करून लावतो.

@कीबोर्डी_पोरगा दिशेचं ते पटलं. व्हीलमध्येही घसरताना हात ढिला सोडला की तेच होतं, फक्त मी त्याला मदत म्हणत नव्हतो.

उंदीरमामा
आता खरं सांग, व्हील आहे कुठे तुझं? मागच्या महिन्यात आलो तेव्हा टेबलावर नव्हतं.

नऊशे_अंश
दिवाणाखाली. क्लॅम्पने आईच्या डायनिंग टेबलाची पॉलिश गेली, तेव्हापासून बंदी आहे. यात हसण्यासारखं काही नाही.

अंगठेबहाद्दर
म्हणजे तू सध्या कशावर खेळतोस?

नऊशे_अंश
गॅमा किती ठेवतोस ते सांग.