घरी सोडताना औषधे आणि बंदुकीविषयी रुग्णाला कसे विचारावे?

प्रश्न – परिचारिका, मानसोपचार विभाग

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या रुग्णाला घरी सोडताना आम्ही गोळ्यांच्या वेळा आणि पुढच्या भेटीची तारीख नीट समजावतो. पण घरात कोणती औषधे साठली आहेत, बंदूक आहे का आणि तिची किल्ली कोणाकडे असते, हे विचारायचे राहून जाते. खरे सांगायचे तर मीच ते टाळते. विचारल्याने नसता विचार मनात येईल किंवा रुग्ण दुखावेल, अशी भीती वाटते. शिवाय ‘ज्याने ठरवले आहे तो दुसरा मार्ग शोधेलच’, असे सहकारी म्हणतात. हे कितपत खरे आहे, आणि विचारायचे तर कोणत्या शब्दांत?

उत्तर – मानसोपचारतज्ज्ञ

थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही. उलट, कोणीतरी विचारले याचाच अनेकांना आधार वाटतो. दुसरा समज तर मला फार घातक वाटतो. तीव्र आवेग बहुधा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत साधन हाताशी नसेल तर बहुतेक जण दुसऱ्या साधनाकडे वळत नाहीत. इस्रायलच्या सैन्यात 2006 मध्ये सैनिकांना सुट्टीवर घरी जाताना रायफल तळावरच ठेवण्यास सांगण्यात आले, त्यानंतर आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतील होती आणि इतर दिवसांचे आकडे वाढले नाहीत. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हेही सहकाऱ्यांना अवश्य सांगा.

मी असे म्हणतो: “वाईट दिवस पुन्हा येऊ शकतात, आणि त्या दिवसांत तुम्ही सुरक्षित राहावे म्हणून घरातील काही गोष्टींची सोय आपण आत्ताच लावून ठेवू. बंदूक काही काळ दुसरीकडे ठेवता येईल का?” ‘काही काळ’ हे शब्द गाळू नका, कारण वस्तू कायमची काढून घेतली जाते आहे असे वाटले की बोलणे तिथेच थांबते. बंदूक तात्पुरती कोणाच्या ताब्यात देता येते, हे तेथील कायद्यानुसार आधी तपासावे. ती घराबाहेर नेता येत नसेल, तर रिकामी करून कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या रुग्णाला ठाऊक नसलेल्या जागी ठेवाव्यात.

उत्तर – औषधनिर्माता

औषधांबाबत केवळ रुग्णाच्या गोळ्यांचा विचार पुरत नाही. घरातील वृद्धांची औषधे आणि जुन्या आजारपणातून उरलेली पाकिटेही मोजावी लागतात. उरलेली औषधे परत घेण्याची सोय असलेल्या औषधालयात द्यावीत, आणि चालू औषधे महिन्याऐवजी आठवड्यापुरतीच द्यावीत, असे डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहावे. ब्रिटनमध्ये 1998 मध्ये पॅरासिटामॉलच्या एका पाकिटातील गोळ्यांची संख्या मर्यादित केल्यानंतर त्या औषधाच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू कमी झाले. मात्र भीतीपोटी आवश्यक औषध बंद करू नये.

उत्तर – एका रुग्णाची बहीण

माझ्या भावाच्या गोळ्यांच्या पेटीची किल्ली आठ महिने माझ्याकडे होती. पहिले काही दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता, आणि मलाही आपण पहारेकरी झालो आहोत असे वाटून रात्री झोप येत नसे. पुढे त्यानेच सांगितले की, एका रात्री तो पेटीपाशी बराच वेळ बसून राहिला आणि शेवटी मला उठवायला आला. किल्ली घरातील कोणाकडे असावी, हे डॉक्टरांनी त्यालाच ठरवू दिले होते, आणि त्याने माझे नाव घेतले होते.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. उद्या घरी जाणारा माझा रुग्ण एकटाच राहतो; त्याची किल्ली कोणाकडे द्यावी?

मानसोपचारतज्ज्ञ

त्यालाच विचारा, मित्र किंवा शेजारी, कोणाचे तरी नाव तो बहुधा घेईल. त्या व्यक्तीला शक्य असेल तर तो घरी जाण्यापूर्वीच भेटीला बोलवा, आणि तोवर औषधे दोन-तीन दिवसांपुरतीच द्या.