जुलैत नव्या मालवणी हॉटेलात दोघांनी काय मागवावं?

शनिपार: पुण्यात आमच्या भागात नवीन मालवणी हॉटेल उघडलंय. येत्या रविवारी मित्राला घेऊन जायचंय. मेनूकार्डावर सुरमई, पापलेट, हलवा सगळ्यांपुढे ‘ताजा’ लिहिलंय आणि दराच्या जागी ‘आकारानुसार’. मासेमारी तर बंद आहे, मग ताजा मासा येतो कुठून? मित्राला काट्यांची धास्ती आहे, शिवाय कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं. दोघांत दोन हजारांपर्यंत खर्च चालेल. काय मागवावं, काय टाळावं?

रापण: आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्यामुळे मालवण-रत्नागिरीच्या बोटींची सुरमई सध्या नाहीच. पण पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, ती उठलेली आहे. जुलैत चांगली सुरमई दिसली तर ती तिकडून बर्फात आलेली असू शकते. चवीला उत्तम असेल, फक्त ‘आज सकाळची’ नसणार. उरलेलं बहुतेक शीतगृहातलं. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही, म्हणून खाडीचे मासे आणि चिंबोऱ्या (खेकडे) थोड्याफार येतात.

वेटरला ‘ताजं आहे का’ विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. ‘आज कुठला मासा आला, बर्फातला की फ्रोझन?’ असं विचारा आणि अख्खा मासा बघायला मागा. कल्ले लाल हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर हवा. बोट दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा. तुकडे कापून मसाला लावून ठेवले असतील तर यातलं काहीच कळत नाही, मग तळलेलं सोडून रश्शातला मासा घ्या.

फ्रोझन मासा वाईट असतो असं नाही. तो घाईत गरम पाण्यात सोडवला की बिघडतो. तव्यावर पाणी सुटतं, रवा सालीसारखा निघून येतो आणि आतलं मांस कापसासारखं चोथट लागतं. पहिला तुकडा मधल्या काट्यापाशी मोडून बघा. चांगल्या सुरमईचे पदर ओलसर, चकचकीत सुटतात. तिखट, झोंबणारा वास आला तर तिथल्या तिथे परत करा.

तवा_गरम: काट्यांची भीती असेल तर सुरमईची तुकडी सर्वांत सोपी, मधला मणका काढला की झालं. हलवाही चालेल. बांगडा आणि खाडीतले बारीक मासे मित्रासाठी नकोत. तुकडी अर्ध्या इंचाहून पातळ नसावी, पातळ तुकडी आतून कोरडी पडते. दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं मध्यम आचेवर पुरतात. तवा नीट तापलेला नसेल तर रवा तेल पितो. तळलेलं सगळं एकदम मागवू नका, एक संपत आलं की दुसरं. रवा फ्राय दहा मिनिटं पडून राहिला की मऊ पडतो.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, या दिवसांत टाळा. पावसाचं गढूळ पाणी खाडीत उतरतं आणि शिंपल्या तेच गाळून जगतात. एरवीही शिजूनसुद्धा न उघडलेली शिंपली खायची नसते.

माझ्या मते जुलैत सुक्या मासळीकडे बघावं. बोंबील-वांग्याचा रस्सा किंवा खाऱ्या बांगड्याचं काही असेल तर एक वाटी मागवाच. कोकणातल्या घरांत पावसाळ्यासाठी हे आधीच सुकवून ठेवलेलं असतं, त्यामुळे या ऋतूत मालवणी स्वयंपाकाची खरी ओळख त्यातच पटते.

आगळ: मित्राच्या ‘पित्ता’कडे आधी लक्ष द्या. दर वेळी कोळंबीनेच उठत असेल तर ती ऍलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवून घ्या. तोवर खेकडा, शेवंड आणि जवळाही बंद. ते सगळे कोळंबीचेच भाईबंद आहेत, आणि त्रास देणारं प्रथिन शिजवून जात नाही. थाळीत जवळ्याची कोशिंबीर न मागता येते, ती आधीच नको म्हणून सांगा. कोळंबी आणि सुरमई एकाच तेलात, एकाच रव्याच्या ताटात घोळवलेली असतात. ‘वेगळा तवा, वेगळा रवा’ असं सांगून बघा. जमणार नसेल तर वेगळ्या भांड्यातला माशाचा रस्सा, भाकरी आणि भात घ्या. रश्शाला कोळंबीच्या डोक्यांचं पाणी वापरलंय का, तेही विचारा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

बांगडा-सुरमई बराच वेळ बर्फाबाहेर राहिली की त्यात ऍलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामाइन तयार होतं. तेही शिजवून जात नाही. तोंडात मिरीसारखी झिणझिण जाणवली तर खाणं थांबवा.

शनिपार: फार उपयोगी माहिती. ‘आकारानुसार’ दराचं काय करायचं? आणि दोघांना किती पुरेल?

रापण: मासा स्वयंपाकघरात जायच्या आधी वजन आणि रुपये दोन्ही विचारा. वजन साफ करण्याआधीचं असतं, डोकं-पोट गेल्यावर बरंच घटतं. दोघांना एक सुरमई थाळी, वर एक सुरमई फ्राय, सुक्या बोंबलाचा रस्सा, जादा भाकऱ्या आणि दोन सोलकढ्या पुरतील. थाळी वाटून घेऊ देतात का, तेवढं विचारून घ्या. पापलेट या वेळी सोडा, बंदी उठल्यावर खा. रश्शात तिरफळ आलं तर चावू नका, बाजूला काढा, जीभ बधिर होते.

आगळ: सोलकढी आधी एकच मागवा. कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध यांचा रंग फिकट गुलाबी असतो, भडक राणी रंग दिसला तर शंका घ्या. बिलात सहसा ५ टक्के जीएसटी असतो, पण सेवा शुल्क ऐच्छिक आहे. लावलं असेल तर काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.