बीबीएफ करत नाही म्हणजे शेतकरी ऐकत नाही?

तिफण_हिंगोली
परवा इथे एका प्राध्यापकांनी लिहिलं : "सोयाबीन रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफवर पेरा, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगतो. झड लागली तर सरीतून पाणी निघतं, पावसाचा खंड पडला तर वरंब्यात ओल राहते. तरी शेतकरी सपाटच पेरतो. दोष संशोधनात नाही, ऐकणाऱ्यात आहे." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही.

सर, मी ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वी पावणेदोन एकर बीबीएफवर पेरलं. पंचक्रोशीत यंत्र एकच, माझा नंबर लागेपर्यंत पेरणीजोगी ओल, म्हणजे वापसा, अर्धा उडाला. तरी पेरलं. ऑगस्टात आठ दिवस झड लागली आणि सऱ्यांनी पाणी बाहेर काढलं, अगदी तुम्ही म्हणता तसं. ते गेलं खालच्या चुलतभावाच्या हळदीत. त्याचे कंद सडले. दिवाळीला तो घरी आला नाही, अजूनही येत नाही. सरीचं पाणी शेवटी कुठे सोडायचं, याची एक ओळ तुमच्या पत्रकात नव्हती.

माती_आणि_मी
मी कृषी विद्यापीठातच शिकलो, म्हणून बोलतो. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने सत्तरच्या दशकात हैदराबादजवळच्या पटणचेरूला काळ्या जमिनीवर ही पद्धत बसवली, तेव्हा वरंबा एकटा नव्हताच. दीड मीटरचा वरंबा-सरीचा पट्टा, सरीला हलका ढाळ, शेवटी गवत लावलेला चर, असा सगळ्या पाणलोटाचा विचार होता. आपल्याकडे त्यातलं यंत्र तेवढं आलं. म्हणजे चूक संशोधनाची नाही, पोचवणाऱ्यांची आहे.

तिफण_हिंगोली
ही वाटणी मला मान्य नाही. पटणचेरूचं रान एका संस्थेच्या मालकीचं. माझ्या रानापासून ओढ्यापर्यंत सात गट, सात मालक, त्यात दोघांची कोर्टात तारीख चालू. गवती चर कोणाच्या सातबाऱ्यातून काढू? हा प्रश्न संशोधनाचा नाही तर कोणाचा?

डवरा_अकोला
बीबीएफ राहू द्या हो. विद्यापीठाचा माणूस बांधावर येतोच कुठे? अळी संध्याकाळी सातला दिसते, तेव्हा दुकान तेवढं उघडं असतं. आणि दुकानदार काय करतो? डीएपीची गोणी १३५० ची, पण सोबत टॉनिकची बाटली घेतल्याशिवाय देत नाही. युरियाची पिशवी २६६ रुपये ५० पैशांची, तिच्यासोबतही काहीतरी चिकटवणारच. आमचं कृषी विज्ञान त्या काउंटरवर ठरतं.

सेवा_केंद्र_२२वर्षं
लिंकिंग, म्हणजे खतासोबत दुसरा माल चिकटवणं, आम्ही करतो? ट्रकसोबत आमच्या गळ्यात कोण मारतं ते विचारा. नको म्हटलं तर पुढची गाडी येत नाही. आणि आम्हाला अडाणी समजू नका. बी-खत-औषध विक्रेत्यांसाठीचा ४८ आठवड्यांचा 'देसी' पदविका अभ्यासक्रम मी रविवारी रविवारी जाऊन पूर्ण केलाय. उधारीवर बी कोण देतं? पावसाने दगा दिला तर वर्षभर कोण थांबतं? तुमचे प्राध्यापक थांबतात का?

डवरा_अकोला
थांबता, कारण व्याज लावता! माझ्या वडिलांनी एका हंगामात चार वेगवेगळ्या बाटल्या एकत्र कालवून फवारल्या, दुकानातून सांगितल्याप्रमाणे. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. दोन दिवस दवाखान्यात होते. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. चिठ्ठीवर औषधांची नावं लिहिताना हातमोजे लिहायला काय जातं?

सेवा_केंद्र_२२वर्षं
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. मी हातमोजे ठेवतो, कोणी नेत नाही. पण फुकट तरी द्यायला हवे होते, हे मान्य करतो. उधारीबद्दल बोललो त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

माती_आणि_मी
खतांची भांडणं दुसरीकडे करा. विषय वेगळा होता.

डवरा_अकोला
विषय हाच आहे. तुम्ही मोकळी ठेवलेली जागा दुकानाने भरली.

नाशिक_बागायत
आम्हा द्राक्षवाल्यांकडे 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात तासगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या बागेतून निवडली गेली. शेतकरी नुसता ऐकणारा नसतो, एवढंच त्या प्राध्यापकांना सांगायचंय.

तिफण_हिंगोली
द्राक्षवाल्यांच्या हातात पैसा आहे, संघ आहे. शास्त्रज्ञाला बागेत बोलावू शकता. दोन एकर कोरडवाहूवाल्याने कोणाला बोलवायचं?

माती_आणि_मी
तिफणदादा, तुमचा सात गटांचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. माझ्या प्रबंधासाठी मी तीन हंगाम प्लॉट घेतले, सगळे विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर. खाली शेजारी नव्हताच, म्हणून तो प्रश्न मला कधी पडला नाही. संशोधनाचा दोष नाही हे माझं वाक्य तेवढ्यापुरतं चुकलं. पण पद्धत टाकाऊ नाही, यावर मी ठाम आहे. पाणी शेजाऱ्याकडे न जाता तुमच्याच रानातल्या एखाद्या खड्ड्यात वळवता येतं का, हे ढाळ मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. मी लेव्हल घेऊन येतो.

तिफण_हिंगोली
पद्धत टाकाऊ आहे असं मी म्हटलंच नव्हतं. त्या झडीत माझं स्वतःचं सोयाबीन उभं राहिलं होतं, तेही लिहायला हवं होतं. या. पण मे महिन्यात या, रान मोकळं असताना. आणि चुलतभावाला तुम्ही बोलवा. माझ्या निरोपावर तो बांधावर येणार नाही.